पुतळ्याच्या उत्तराची वाट पाहिल्याबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर

प्रति,
मा. प्रमाणन अधिकारी,
गृहकाळजी प्रशिक्षण विभाग,
ज्येष्ठ व अपंग साहाय्य कार्यालय,
तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : काळजीवाहक प्रात्यक्षिक परीक्षेत पुतळ्याच्या उत्तराची वाट पाहिली म्हणून अर्जदारास दिलेला ‘अनुत्तीर्ण’ हा निकाल आणि अर्जदाराच्या पत्नीच्या नावापुढे मारलेला ‘हरकत नाही’ हा शेरा, असे दोन्ही १ डिसेंबरपूर्वी रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ३ नोव्हेंबर (अर्जदार नापास झाल्याबाबत)
२) आपले पत्र दि. ११ नोव्हेंबर (अर्जदाराची पत्नी हलवण्याबाबत)
३) आपले पत्र दि. १६ नोव्हेंबर (अर्जदाराच्या डोक्याबाबत)
४) आपल्याच विभागाची ‘काळजीवाहक मार्गदर्शिका’, पान पहिले, ओळ पहिली

महोदय,

अर्जदार खालीलप्रमाणे आपले म्हणणे मांडतो. ‘सविनय’ हा शब्द रिवाजाप्रमाणे इथे यायला हवा होता. अर्ज संपेपर्यंत तो शिल्लक राहिल्यास शेवटी घालण्यात येईल.

१. अर्जदाराचे वय एकाहत्तर असून तो निवृत्त लिफ्टमन आहे. ज्या इमारतीत त्याने तेहतीस वर्षे लिफ्ट चालवली त्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत तो पत्नीसह राहतो. लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या दरवाजाची आणि पितळी दांड्याची आहे. आपल्या कार्यालयात लिफ्ट चालू नसल्यामुळे त्या कामाचे स्वरूप सांगणे भाग आहे. माणूस आत येतो. लिफ्टमन जाळी ओढतो आणि विचारतो, “कितवा मजला?” मग तो थांबतो. उत्तर मिळाल्यावर दांडा फिरवतो. तेहतीस वर्षांत अर्जदाराने एकाही माणसाला न विचारता वर नेलेले नाही की खाली आणलेले नाही. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज संध्याकाळी लिफ्टमध्ये शिरून घरी जावे की पुन्हा बाहेर पडावे यावर दोन-दोन मिनिटे विचार करीत. अर्जदार दांड्यावर हात ठेवून उभा राही. मागच्यांनी कुरकुर केली तर म्हणे, “त्यांचं ठरू दे.” हे सर्व नमूद करण्याचे कारण पुढे परिच्छेद ६ मध्ये येईल. तोवर आपण, आपल्या सवयीविरुद्ध, धीर धरावा अशी विनंती आहे.

२. अर्जदाराच्या पत्नीने तीस वर्षे शाळेत अंकगणित शिकवले. दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणे गेले. बाकी सगळे जागच्या जागी आहे. दूधवाल्याचा हिशेब ऐकताना चूक झाली की तिच्या कपाळाला अजून आठी पडते. वाचा-उपचाराच्या बाईंनी तिला डाव्या हातात स्टीलचा चमचा दिला आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजवायला शिकवले. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे काय ते बाईंनी शिकवले नव्हते. ते तिने स्वतःच सुरू केले. त्याचा अर्थ अर्जदार इथे लिहू इच्छित नाही. आपली संदर्भीय तिन्ही पत्रे वाचून दाखवली तेव्हा तिन्ही वेळा तीच खूण आली, एवढे सांगून पुढे जातो.

बाईंनी जाताना अर्जदाराला एकच गोष्ट बजावली होती. “काका, विचारा आणि मग तोंड मिटून थांबा. त्यांना शब्द कळतो लगेच, हात उठायला वेळ लागतो. तुम्ही थांबला नाहीत, तर हळूहळू त्या उत्तर द्यायचं सोडून देतील.” अर्जदार थांबतो. साधारण वीस सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत वेळ लागतो. विषय जेवणात मीठ कमी असल्याचा असेल तर उत्तर ताबडतोब येते.

३. आपल्या कार्यालयातर्फे रोज सकाळी दोन तास एक मदतनीस बाई येतात. त्या व अर्जदार मिळून पत्नीची आंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणे हे सर्व करतात. गेल्या सप्टेंबरात आपण नियम काढला, की ज्या घरातील काळजीवाहकाकडे आपले प्रमाणपत्र नाही तिथे मदतनीस पाठवली जाणार नाही, आणि ज्या घरात मदतनीस नाही तिथले घर ‘असुरक्षित’ समजून आजारी व्यक्तीस निवासी केंद्रात हलवण्यात येईल. दोन वर्षे रोज चार वेळा पत्नीला उचलून ठेवणाऱ्या माणसाने उचलण्याचे प्रशिक्षण घ्यावे, हे ऐकून खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, “म्हणजे भाऊ, आजवर तुम्ही त्यांना पाडत होता की काय?” अर्जदाराने मात्र नियमाविरुद्ध अवाक्षर काढले नाही. शिकण्यासारखे पुष्कळ असते, असे त्याचे तेव्हा प्रामाणिक मत होते. सहा दिवस वहिनी आपले मशीन बंद ठेवून पत्नीजवळ बसल्या, आणि अर्जदार प्रशिक्षणाला गेला.

४. प्रशिक्षणाची जागा आपल्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या दिवसाचा विषय ‘अडथळामुक्त परिसर’ हा होता. लिफ्टच्या दारावर ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ असा कागद होता. लिफ्ट बंद दिसली की अर्जदाराला आपल्या घरातले कोणी आजारी असल्यासारखे होते. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्याने जाळीतून वाकून पाहिले. लिफ्टला कोणताही आजार नव्हता. तिच्यात छतापर्यंत गठ्ठे रचलेले होते. एका गठ्ठ्याचा कागद फाटला होता, त्यातून आत काय आहे ते दिसले : ‘अडथळामुक्त परिसर : आपला हक्क’ ही पुस्तिका, प्रती दोनशे. असे एकूण एकतीस गठ्ठे. अर्जदाराने शिपायाला विचारले. तो म्हणाला, “ठेवायला दुसरीकडे जागा नाही. आणि वाटायच्या म्हटलं तर तीन मजले खाली कोण आणणार?” याचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

वर्गात चौदा जण होतो. त्यांत एक आई होत्या. त्यांची तेवीस वर्षांची मुलगी चालू शकत नाही आणि घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून त्या तिला पाठीवर घेऊन रोज तीन मजले चढत. सहाव्या दिवशी मुलीला बाकावर ठेवून, घाम पुसून, त्यांनी उचलण्याची परीक्षा दिली. गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकल्या म्हणून त्यांचे चार गुण कापले गेले. त्या पास झाल्या, याबद्दल अर्जदार आपला आभारी आहे. त्या मुलीला पुन्हा पाठीवर घेऊन कमरेतून वाकतच खाली गेल्या.

५. प्रशिक्षिका बाई तरुण, हुशार आणि घाईत होत्या. त्यांच्या गळ्यात एक शिट्टी आणि एक वेळ मोजण्याचे घड्याळ असे. त्यांनी पहिल्याच तासाला मार्गदर्शिकेची पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि आम्हा चौदा जणांकडून वहीत लिहून घेतली. ओळ अशी : ‘ज्याची काळजी घ्यायची त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय आणि तिचे उत्तर मिळाल्याशिवाय तिच्या अंगाला हात लावू नये.’ अर्जदाराला ही ओळ इतकी पसंत पडली की त्याने ती घरी येऊन पत्नीला वाचून दाखवली. एकदा चमचा वाजला. आपल्या विभागाला त्या घरातून मिळालेले हे एकमेव अनुकूल मत आहे. ते जपून ठेवावे.

लेखी परीक्षेत पहिला प्रश्न याच ओळीवर होता. अर्जदाराला त्यात पैकीच्या पैकी गुण आहेत. एकूण पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. दोन गुण अक्षर वाईट म्हणून गेले, त्याबद्दल तक्रार नाही.

६. प्रात्यक्षिक परीक्षा पुतळ्यावर होती. पुतळा रबरी, वीस किलोचा, डोळे उघडे, चेहऱ्यावर कसलीही काळजी नाही. कागदोपत्री त्याचे नाव ‘सराव-रुग्ण क्रमांक चार’ असे होते. वर्गात त्याला सगळे निवांतराव म्हणत. (क्रमांक एक ते तीन कुठे गेले हे कोणी सांगितले नाही, आणि विचारायचे धाडस झाले नाही.) काम असे होते की निवांतरावांना पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचे. मुदत नव्वद सेकंद.

शिट्टी वाजली. अर्जदाराने खुर्ची पलंगाला तिरकी लावली. चाकांचे ब्रेक लावले. पाय ठेवायच्या फळ्या वर केल्या. निवांतरावांना कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, कमरेला पट्टा बांधून बसते केले. या प्रत्येक पायरीवर बाईंनी बरोबरची खूण केली. मग अर्जदार गुडघ्यांत वाकला, पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि निवांतरावांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “उचलू का?”

आणि थांबला.

अर्जदार इथे कोणतीही सबब सांगू इच्छित नाही. तेहतीस वर्षे दांड्यावर थांबलेला हात आणि दोन वर्षे चमच्यासाठी थांबलेले कान, हे दोन्ही त्या क्षणी आपल्या कामावर हजर होते, इतकेच. वर्गात पंखा फिरत होता. बाई म्हणाल्या, “काका, उचला.” अर्जदार म्हणाला, “थांबा, विचारलंय.” बाई म्हणाल्या, “काका, तो पुतळा आहे.” अर्जदार म्हणाला, “माहीत आहे. म्हणूनच वेळ लागतोय.” मागच्या बाकावर कोणीतरी हसले. पाठीवर मुलगी आणणाऱ्या आई हसल्या नाहीत. शिट्टी वाजली, मुदत संपली. निवांतराव पलंगाच्या कडेला बसलेलेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना याचे काही वाटले असे दिसले नाही. तसे काही न वाटणारे या प्रकरणात पुढे आणखीही भेटले.

७. संदर्भ १ च्या पत्रात आपण कळवता : ‘प्रशिक्षणार्थी अनावश्यक संभाषण करतो. निर्जीव वस्तूच्या उत्तराची वाट पाहतो. अनुत्तीर्ण.’ अर्जदाराने मार्गदर्शिकेच्या पहिल्या ओळीकडे आपले लक्ष वेधले. त्यावर आपल्या कार्यालयातून दूरध्वनीवर सांगण्यात आले की ‘सदर ओळ लेखी परीक्षेपुरती आहे’. असे असल्यास ती ओळ छापताना खाली तशी टीप द्यावी. म्हणजे लोक ती खरी समजून घरी वापरणार नाहीत.

८. आता मुख्य तक्रार. दि. ८ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेअकरा वाजता आपले पाहणी अधिकारी अर्जदाराच्या घरी आले. हातात पॅड होते, पॅडला दोरीने पेन बांधलेले होते. बूट न काढता ते दारातच उभे राहिले, म्हणून खोलीत किती माणसे आहेत हे त्यांना दिसले असेलच असे सांगता येत नाही. त्यांनी तिथूनच पत्नीला विचारले, “आजी, केंद्रात राहायला जायला तुमची काही हरकत?”

अर्जदार म्हणाला, “साहेब, जरा थांबा हं. तिला वेळ लागतो.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. एक, दोन, तीन, एवढे अर्जदाराने मोजले. मग त्यांनी लिहिले, ‘हरकत नाही’, पेन परत दोरीला लोंबकळत सोडले आणि ते लिफ्टकडे वळले. वहिनी तेव्हा हजर होत्या, त्यांची साक्ष सोबत जोडली आहे. लिफ्टची जाळी लागल्याचा आवाज आला आणि त्यानंतर चमचा वाजला. दोनदा. कठड्याला पोचा पडेल इतक्या जोराने दोनदा.

अर्जदार जिन्याने पळाला. ती लिफ्ट सावकाश चालते आणि प्रत्येक मजल्यावर जरा दम खाते, हे अर्जदाराइतके कोणालाच ठाऊक नाही. एकाहत्तराव्या वर्षी चार मजले उतरून तो तिच्या आधी तळाशी पोचला आणि साहेबांनी जाळी उघडताच म्हणाला, “तिची हरकत आहे.” साहेबांनी पॅड दाखवले. म्हणाले, “आता शाईने लिहिलं गेलं हो.” अर्जदार म्हणाला, “मग शाईने खोडा.” साहेब म्हणाले, “खोडाखोड चालत नाही.” आणि गेले. आपले संदर्भ २ चे पत्र याच शेऱ्यावर उभे आहे. त्यात म्हटले आहे की, ‘संबंधित महिलेने स्थलांतरास संमती दर्शवली असल्याने’ दि. १ डिसेंबर रोजी सकाळी दहा वाजता गाडी येईल.

महोदय, अर्जदार शिट्टी वाजेपर्यंत थांबला तर तो नापास. आपले अधिकारी तीन सेकंद थांबले, आणि ते बहुधा पास आहेत.

९. अर्जदार ते निवासी केंद्र पाहून आला. जागा स्वच्छ आहे, जेवण गरम आहे, भिंतींना फिकट पिवळा रंग आहे. तेथील व्यवस्थापक बाईंनी पलंग दाखवले. सर्व कठडे जाड फोमने मढवलेले होते, कोणाला लागू नये म्हणून. जेवणाच्या ताटाशेजारी प्लास्टिकचे चमचे होते, कोणाला इजा होऊ नये म्हणून. बाई अभिमानाने म्हणाल्या, “बघा ना, आमच्याकडे कसला म्हणून आवाज नसतो.” अर्जदाराने एक प्लास्टिकचा चमचा उचलला आणि फोमवर दोनदा वाजवून पाहिला. मग त्याने तो जागेवर ठेवला आणि घरी आला. हे त्याने पत्नीला अद्याप सांगितलेले नाही. अर्ज वाचून दाखवताना हा परिच्छेद गाळण्याचा त्याचा विचार होता.

१०. याविरुद्ध केलेल्या तक्रारीला उत्तर म्हणून आपले संदर्भ ३ चे पत्र आले. त्यात आपण फेरपरीक्षा मान्य करता, त्याबद्दल आभार. मात्र अट घालता, की आधी अर्जदाराने ‘सजीव व निर्जीव यांतील फरक समजतो’ असे वैद्यकीय प्रमाणपत्र आणावे. अर्जदार डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर सज्जन आहेत, गेली बारा वर्षे ओळखतात. त्यांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले आणि म्हणाले, “मी तुम्हाला ओळखतो, पण त्या पुतळ्याला ओळखत नाही. दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय कसं लिहून देऊ?” त्यावर अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे निवांतराव एक दिवसासाठी मागितले. उत्तर आले, की पुतळा शासकीय मालमत्ता असून तो इमारतीबाहेर नेता येत नाही. डॉक्टरांना इकडे आणतो म्हटले, तर डॉक्टरांना संधिवात आहे, ते तीन मजले चढू शकत नाहीत. लिफ्ट, परिच्छेद ४ प्रमाणे, भरलेली आहे.

म्हणजे ज्याला एक शब्द बोलता येत नाही तो पुतळा इमारतीतून हलू शकत नाही, कारण आपण त्याला सांभाळता. आणि जिला उत्तर देता येते, फक्त सावकाश, ती बाई मात्र आपल्या स्वतःच्या घरातून तीन सेकंदांत हलू शकते. सजीव व निर्जीव यांतील फरक नक्की कोणाला समजत नाही, याची तपासणी दोन्ही बाजूंची व्हावी.

११. (खोडण्यात आला आहे. कारण परिच्छेद १४ मध्ये.)

१२. सबब अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे. ‘हरकत नाही’ हा शेरा रद्द करावा. तो शाईने लिहिलेला असल्यास शाईनेच खोडावा. खोडाखोड चालत नसल्यास दुसरा कागद घ्यावा. फेरपरीक्षा अर्जदाराच्या घरी घ्यावी आणि ती जिवंत माणसावर घ्यावी. परीक्षक म्हणून त्याच्या पत्नीस नेमावे. तिने तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, दोन वर्षे अर्जदार तिला रोज चार वेळा परीक्षा देतो आहे, आणि वशिल्याने तिने आजवर कोणाला अर्धा गुणही वाढवून दिलेला नाही. शिट्टी आणू नये. घड्याळ आणायचे असल्यास आणावे, पण ते आपण किती वेळ थांबतो हे पाहण्यासाठी आणावे. संमतीचा प्रश्न आपण स्वतः येऊन विचारावा. पलंगाजवळ स्टूल आहे, त्यावर बसून विचारावा. लिफ्टमधील गठ्ठे काढावेत, ही मागणी अर्जदाराची एकट्याची नसून त्या पाठीवर मुलगी आणणाऱ्या आईंचीही आहे. त्यांची सही सोबत आहे.

१३. वरील मागण्या मान्य न झाल्यास अर्जदार नाइलाजाने पुढील बाब आपल्या निदर्शनास आणून देतो. ही धमकी समजू नये, कामाची पद्धत समजावी. इमारतीच्या लिफ्टची चावी निवृत्तीनंतरही अर्जदाराकडेच आहे, कारण ती लिफ्ट बिघडली की दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही. एरवी चावी लावलेली असेपर्यंत ती कोणालाही नेते, काढली की जागची हलत नाही. जिना अरुंद आहे. प्रत्येक वळणावर भिंतीचा कोपरा पुढे येतो, तिथून आपले स्ट्रेचर वळत नाही. अर्जदाराने वहिनींच्या मोजपट्टीने मोजून पाहिले आहे, चार बोटे कमी पडतात. तेव्हा १ डिसेंबर रोजी आपली माणसे त्याच्या पत्नीला घेऊन लिफ्टमध्ये येतील तेव्हा अर्जदार आपल्या जागी उभा असेल. तो जाळी ओढील. तो विचारील, “कितवा मजला?” हा प्रश्न तो आपल्या माणसांना विचारणार नाही. आणि उत्तर येईपर्यंत तो थांबेल. त्याला घाई नसते, हे आपल्याच कार्यालयाने लेखी प्रमाणित केलेले आहे.

१४. हा अर्ज पाठवण्यापूर्वी ज्या व्यक्तीविषयी तो आहे तिला संपूर्ण वाचून दाखवण्यात आला. वाचनाला दोन सकाळी लागल्या, कारण प्रत्येक परिच्छेदानंतर ‘बरोबर?’ असे विचारून थांबावे लागले. तिच्या दुरुस्त्या अशा. परिच्छेद ४ मध्ये अर्जदाराने गठ्ठे एकोणतीस असल्याचे लिहिले होते. मागे घरी येऊन सांगताना त्याने एकतीस म्हटले होते. तिने आकडा मान्य होईपर्यंत पुढे जाऊ दिले नाही. एकतीस बरोबर आहेत, अर्जदाराने पुन्हा तीन मजले चढून खात्री केली. परिच्छेद ९ गाळून वाचण्याचा प्रयत्न झाला असता, आठनंतर दहा कसा आला हे तिच्या ताबडतोब लक्षात आले. तो वाचावा लागला. वाचून झाले. मग तिने चमचा मुठीत असा घट्ट धरला, की रात्रीच्या जेवणाला अर्जदाराला दुसरा काढावा लागला.

परिच्छेद ११ मध्ये अर्जदाराने लिहिले होते, की वरील मजकुरात रागाच्या भरात काही अधिक-उणे शब्द गेले असल्यास आपण मोठ्या मनाने क्षमा करावी, अर्जदार वयस्कर आहे, त्याला समजून घ्यावे, इत्यादी. हे वाचून त्याने विचारले, “बरोबर?” आणि तो थांबला. चमचा तीनदा वाजला. मग तिने डाव्या हाताने खूण करून तिची जुनी लाल पेन्सिल मागितली, अर्जदाराने कागद पाटीवर धरला, आणि तिने त्या परिच्छेदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आहे. आपल्या कार्यालयात खोडाखोड चालत नाही हे अर्जदाराला ठाऊक आहे. ते त्याने तिलाही सांगितले. ते ऐकून तिने त्याच रेघेवर आणखी एक रेघ मारली.

शेवटी अर्जदाराने विचारले, “पाठवू का?” आणि तो चोपन्न सेकंद थांबला. खाली रस्त्यावर कोणाची तरी सायकल पडली, वहिनींचे मशीन सुरू झाले आणि थांबले. मग एकदा वाजले.

त्यानुसार हा अर्ज पाठवण्यात येत आहे. आपले उत्तर १ डिसेंबरपूर्वी यावे. येईपर्यंत आम्ही थांबू. पण आता तीदेखील मोजते आहे, आणि अंकगणितात तिने आजवर कोणाला सोडलेले नाही.

आपला,
(‘नम्र’ हा शब्द परिच्छेद ११ बरोबर खोडला गेला. ‘सविनय’ शिल्लक राहिला नाही.)

सही/-
अर्जदार, निवृत्त लिफ्टमन, चौथा मजला

वाचून दाखवला, मान्य : डाव्या हाताने, लाल पेन्सिलीने एक उभी रेघ.

सोबत :
१) लेखी परीक्षेची गुणपत्रिका, पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.
२) शिवणकामवाल्या वहिनींची साक्ष. (त्यांनी ती कापडाच्या पावतीच्या मागे लिहिली आहे. दुसरा कागद आणायला थांबल्या असत्या तर राग गेला असता, असे त्या म्हणाल्या.)
३) पाठीवर मुलगी आणणाऱ्या आईंची सही, आणि त्यांच्या मुलीचीही. तिला कोणी विचारले नव्हते, तिनेच मागून केली.
४) मार्गदर्शिकेचे पहिले पान. पहिली ओळ अधोरेखित.
५) एक स्टीलचा चमचा. हा अर्जदाराने स्वतःच्या ताटातला पाठवला आहे. आपण घरी येणार नसाल, तर निदान हा टेबलावर दोनदा वाजवून पाहावा, म्हणजे दि. ८ नोव्हेंबर रोजी सकाळी आपल्या पाहणी अधिकाऱ्यांना ऐकू न आलेले उत्तर आपल्या कार्यालयाच्या दप्तरी नोंदले जाईल. चमचा परत करावा.